पाणीखात्याची हद्द

येसूला वाटलं होतं, शिक्षण संपवून पाणगडला परतताच वेशीवरची सनद डोळे भरून वाचावी. दूरच्या पाठशाळेत ती अभिमानानं सांगायची, "आमच्याकडे राजानंही पाळायची सनद आहे! कुठल्या खात्यानं काय करायचं, काय नाही, सगळं दगडात कोरलंय!"

दगड जागेवरच होता. पण भक्तांनी वर्षानुवर्षं त्याला इतका शेंदूर फासला होता, की एक अक्षर दिसेना. आणि शेंदूर खरवडणं म्हणजे पाप!

घरी आणखीच वाईट. तिचे वडील रखमाजी कुंभार कपाळाला हात लावून बसलेले.

"चाकाला साखळी घातली, पोरी. पाणीखात्याचे विसोपंत म्हणतात, चिखलात पाणी असतं, म्हणून चिखल खात्याचा!"

"पण आबा, खात्याचं काम विहिरी साफ ठेवायचं! सनदेत तर..."

"सनदेला नमस्कार कर आणि गप बस."

येसू गप बसणाऱ्यांतली नव्हती. ती तडक दरबारात गेली.

रणधीरराजे मोठे हट्टी. म्हणाले, "माझ्या खात्याला हद्द आहे म्हणतेस? दाखव! पणजोबांच्या पूज्य दगडाला हात लावायचा नाही. हद्द विसोपंतांच्याच तोंडून वदवायची. नाही जमलं, तर चाक सरकारजमा!"

विसोपंत मिशीत हसले.

येसूनं त्यांना वाकून नमस्कार केला. "पंत, जिथे पाणी, तिथे तुमचं खातं ना?"

"अर्थात!"

"ताकातसुद्धा?"

"तुमच्या घरच्या ताकात तर पाणीच जास्त!"

"आणि खात्याच्या परवानगीवाचून पाणी वापरलं तर?"

"ते काम बेकायदा! रद्द!"

"मग राज्याभिषेकाला महाराजांच्या मस्तकावर सात नद्यांचं पाणी ओतलं, त्याची परवानगी तुम्ही दिली होती?"

पंत पेचात पडले. 'दिली' म्हणावं, तर महाराज पंतांच्या मेहेरबानीनं राजे! 'नाही' म्हणावं, तर राजेच रद्द! पंतांना दरदरून घाम फुटला.

"छे छे! तिथे खात्याचा काय संबंध!"

"पाणी आहे, पण खातं नाही?"

"नाही म्हणजे नाहीच, बाई!"

"महाराज, ही बघा हद्द!"

राजे खदखदून हसले. "सोडा हिच्या बापाचं चाक! आणि पोरी, आजपासून सगळ्या खात्यांवर तुझा हुकूम. तुला कुणी अडवणार नाही!"

घरी आबांनी आनंदानं चाक फिरवून पाहिलं, मग हळूच विचारलं, "तुलाही कुणी अडवणार नाही? मग तुझ्यात नि विसोपंतांत फरक काय गं?"

येसूला जेवण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती दरबारात हजर. "महाराज, हुकूम नको. फक्त उभं राहायला जागा द्या. कुठल्याही खात्यानं हद्द ओलांडली, की नाडलेल्या माणसाच्या वतीनं मी तिथून जाब विचारीन."

"माझ्याविरुद्धसुद्धा?"

"तुम्हाला वगळलं, तर जागा फुकट जाईल, महाराज!"

राजे इतके हसले, की मुकुट सावरावा लागला. आणि सिंहासनाच्या बरोब्बर समोर, नजरेला नजर भिडेल अशी जागा त्यांनी येसूला नेमून दिली.