आटलेल्या विहिरीचं ठाणं

"म्हणजे एकही तोफ उडाली नाही?"

सरदार हैबतराव वाघमोड्यांनी हे दुसऱ्यांदा विचारलं.

फकीर पीरबक्षने नुसती मान हलवली. नाही.

वाळवंटातल्या त्या लष्करी ठाण्याचा एक बुरूज काय तो उभा होता. बाकी सगळा तट वाळूने गिळला होता. हैबतरावांचा एकुलता एक मुलगा सिदोजी इथेच गेला. माझ्या हुकमाशिवाय ठाणं सोडायचं नाही, असं बजावून त्यांनीच त्याला इथे ठेवलं होतं. पुढे लढाई भलतीकडेच सरकली आणि हुकूम धाडायचा राहून गेला. पोर लढता लढता पडलं, असं ते वर्षानुवर्षं चारचौघांत सांगत आले. आता म्हातारपणी ती जागा एकदा डोळ्यांनी बघावी, म्हणून आले होते.

फकिराने जे घडलं ते थोडक्यात सांगितलं. शत्रू इकडे फिरकलाच नाही. विहीर आटली. शिपाई फकिरामागोमाग लांबच्या पाणवठ्याकडे निघून गेले. सिदोजी तेवढा हलला नाही. फकीर त्याच्यासाठी मशक भरून परतला, तोवर पोराच्या घशाखाली पाणी उतरेनासं झालं होतं.

हैबतरावांनी बुरुजाकडे पाहिलं. मग हळूहळू त्यांची मान ताठ झाली.

"म्हणजे हुकूम मोडला नाही त्याने."

"नाही मोडला."

"शेवटी माझं नाव घेतलं असेल..."

"पाणी म्हणाला."

...

वारा सुटला होता. हैबतरावांनी पागोटं उतरवलं आणि ते बुरुजाच्या पायथ्याशी मांडी घालून बसले. आता इथून उठणं नाही, म्हणाले. अन्न नाही, पाणी नाही. तो राहिला तसाच मीही राहीन, आणि त्याच्या शेजारीच मरेन. साईंनी मला चेला म्हणून पदरात घ्यावं आणि डोक्यावर हात ठेवावा, एवढंच मागणं.

फकिराने हात ठेवला नाही. खांद्यावरची मशक उतरवून त्याने तिचं तोंड सोडलं आणि ती त्यांच्यापुढे धरली.

हैबतरावांनी तोंड फिरवलं.

"माझ्या पोराला जे मिळालं नाही, ते मला नको."

फकीर स्वतः दोन घोट प्यायला. मशकेचं तोंड बांधलं. मग उन्हात बसलेल्या त्या म्हाताऱ्याकडे वळला.

"सरदार," तो म्हणाला, "तुला तर अजून तहानसुद्धा लागलेली नाही."