“सर्व ठीक”चा शिक्का

“चाचा, सही करताय ना?”

निनाद खांबेटेने तिसऱ्यांदा विचारलं.

टेबलावर तपासणीचं रजिस्टर उघडं होतं. पान नोव्हेंबरचं. तारीख अठ्ठावीस, वेळ सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं.

खैरुद्दीन मुलाणी चष्मा पुसत होते. एक काच झाली, दुसरी घेतली.

कासारखिंडीच्या गॅस स्टेशनात ते सुपरवायझर. जमिनीखालून गेलेल्या पाइपलाइनचा अठ्ठावीस किलोमीटरचा तुकडा त्यांच्याकडे होता. एकतीस वर्षं त्यांनी तो सांभाळला; आधी पायी, मग सायकलवर, मग मोटारसायकलवर. साहेब लोकांपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना चाचा म्हणत.

निनाद शिकाऊ इंजिनिअर. येऊन अकरा महिने झाले होते. उद्या मुख्य कार्यालयातून मालशे मॅडम येणार होत्या. महिन्याच्या पानावर चाचांची सही असली तर निनाद नोकरीत कायम होणार. नसली तर आणखी सहा महिने शिकाऊ. आईला त्याने फोनवर सांगूनही टाकलं होतं, की झालंच समज.

चाचांनी चष्मा लावला. पान पाहिलं.

पाइपलाइनवर सात चौक्या. प्रत्येक चौकीला तारेचं कुंपण, आत खड्डा, खड्ड्यात गॅस बंद करायचा वॉल्व्ह. रोज प्रत्येक चौकी उघडून पाहायची आणि काय पाहिलं ते लिहायचं, असा नियम. पानावर सात रकाने होते. सातही रकान्यांत, एकाखाली एक, जांभळ्या शाईत सुबक अक्षरं होती.

तपासले. सर्व ठीक.

“अक्षर सुंदर आहे,” चाचा म्हणाले.

“शिक्का आहे, चाचा. तालुक्याच्या गावी करून घेतला. रोज तेच लिहायचं, मग हात कशाला दुखवायचा? वेळ वाचतो.”

“वा.”

चाचांचं बोट रकान्यावरून खाली सरकत गेलं. सव्वीस... सत्तावीस... अठ्ठावीस...

“आजची फेरी झाली?”

“आता निघणार.”

बोट आणखी खाली गेलं. एकोणतीस... तीस...

“परवासुद्धा सर्व ठीक?”

निनाद जरा हसला. “मॅडम उद्या पान घेऊन जाणार ना. म्हणून पूर्ण करून ठेवलं. शाई ओली होती, एका बैठकीत उरकलं.”

चाचा खुर्चीतून उठले. टेबलाला वळसा घालून आले. नमाजाशिवाय हा माणूस कुणापुढे वाकलेला स्टेशनात कुणी पाहिला नव्हता. ते वाकले, आणि दोन्ही हातांनी त्यांनी निनादच्या बुटांना स्पर्श केला.

“अहो चाचा! काय करताय!”

“महाराज, तुम्हाला परवाचं दिसतं. आम्ही एकतीस वर्षं नुसते कालचं लिहीत राहिलो.”

“चाचा, उठा हो...”

“माझ्या या डाव्या गुडघ्याचं पुढं काय होणार, तेवढं बघून सांगा. डॉक्टरला काही समजेना.”

दारात चहा घेऊन आलेला वॉचमन गंगाराम खो खो हसला. बशीत चहा सांडला.

निनादचे कान लाल झाले. “चेष्टा पुरे. आज, उद्या, परवाचं खोडतो हवं तर. बाकीचे सत्तावीस दिवस तर खरे आहेत! रोज जातो मी. मोटारसायकलचं पेट्रोल बघा.”

“जाता, हे मला माहीत आहे.”

“मग करा ना सही.”

चाचांनी चहा संपवला. रजिस्टर काखेत मारलं.

“चला महाराज. चौकी चारला जाऊ. मला मागं बसवा.”

चौकी चार शेलारवस्तीच्या कडेला होती. पलीकडे साठ-सत्तर पावलांवर शाळा. आत पाढे चालले होते, एकोणिसाचा पाढा, आणि सातच्या पुढे आवाज पातळ होत गेला.

दहा वाजून वीस मिनिटांनी मोटारसायकल थांबली. चाचांनी ती कुंपणापासून बरीच लांब उभी करायला लावली. दोघांनी मोबाइल डिकीत ठेवले.

कुंपणाच्या बाहेर, तीन हातांवर, जमीन काळी झाली होती. कुणीतरी गवत आणि धसकटं पेटवली होती.

“हे केव्हाचं?” चाचांनी विचारलं.

निनादने राख बुटाने हलवली. “काल नव्हतं बहुतेक.”

“बहुतेक?”

“...लक्ष नव्हतं.”

चाचांनी फाटकाकडे हात केला.

निनादने किल्ली काढली. कुलपाला लावली. आत जाईना. त्याने फिरवून लावली. तरी जाईना. खाली बसून पाहिलं, तर किल्लीच्या भोकात माती होती. गच्च, गुळगुळीत, उन्हात वाळून पक्की झालेली.

“कुणीतरी खोडसाळपणा केलाय.”

“कुंभारीण,” चाचा म्हणाले.

“कोण?”

“कुंभारीण माशी. भोक दिसलं की घर करते. आत अंडं घालते, पिल्लासाठी अळ्या आणून भरते, मग तोंड लिंपून टाकते. एका दिवसाचं काम नाही ते.” चाचांनी मातीवर नख वाजवलं. “आणि हे वाळूनही बरेच दिवस झालेत.”

निनाद किल्लीकडे बघत राहिला.

“मी... कुंपणाबाहेरून बघतो. बाहेरूनही सगळं दिसतं, चाचा.”

“दिसतं की.”

“पाइप, झाकण, पाटी. सगळं जागेवर असतं.”

“असतं. पण तिनं निदान कुलपाला हात तरी लावला.”

निनादला हसू आलं आणि आल्याबरोबर गेलं.

चाचांनी बाभळीचा काटा शोधून दिला. निनादने माती कोरून काढली. आतून चार हिरव्या अळ्या पडल्या. चाचांनी त्या पानावर घेऊन कुंपणापलीकडे ठेवल्या, आणि “माफ कर बाई” म्हणाले. थोडं तेल सोडल्यावर कुलूप उघडलं.

खड्ड्याचं झाकण दोघांनी मिळून बाजूला केलं. हवा लागावी म्हणून दहा मिनिटं थांबले.

निनादने वाकून नाक पुढे केलं. “वास नाही काही.”

“या लाइनीतल्या गॅसला वास नसतो. वास पुढं, शहराच्या दारात मिसळतात. कॉलेजात सांगितलं असेल.”

“सांगितलं होतं,” निनाद म्हणाला, आणि नाक मागे घेतलं.

चाचांनी पिशवीतून बाटली काढली. साबणाचं पाणी. रंगाचा जुना ब्रश. चार सांध्यांना त्यांनी पाणी लावलं, आणि शेवटी वॉल्व्हच्या दांड्याच्या बुडाशी.

दोघे खड्ड्याच्या काठावर बसले.

काहीच झालं नाही.

“बघा,” निनाद म्हणाला.

“बघतोय.”

शाळेतला पाढा संपला. दुसरा सुरू झाला.

“चाचा, चार मिनिटं झाली.”

“हं.”

...

दांड्याच्या बुडाशी एक बुडबुडा आला. मोहरीएवढा. मग ज्वारीएवढा झाला. त्यात आभाळ दिसलं, कुंपण दिसलं. मग फुटला.

तिथेच दुसरा येऊ लागला.

“आला!” चाचा म्हणाले. पाहुणा दारात आल्यावर म्हणावं, तसे.

निनादचा चेहरा पांढरा पडला. त्याने शाळेकडे पाहिलं. मग राखेकडे पाहिलं.

चाचांनी त्याला लांब जाऊन नियंत्रण कक्षाला फोन करायला लावलं. तो पळत गेला, पळत आला. तिकडून परवानगी मिळाली. चाचांनी ठिणगी न उडवणारा पितळी पाना त्याच्या हातात दिला.

“मी?”

“माझा गुडघा खाली उतरत नाही. दांड्याचे दोन्ही नट सारखे आवळा. अर्धा फेरा इकडं, अर्धा फेरा तिकडं. जोर करू नका.”

निनाद खड्ड्यात उतरला. अर्धा फेरा इकडं. अर्धा फेरा तिकडं. घाम नाकावरून टपकला. पुन्हा साबणाचं पाणी लावलं. पुन्हा काठावर बसले. या वेळी चार मिनिटांनी निनाद काही बोलला नाही. दहा मिनिटांनीही नाही. चाचाच म्हणाले, “पुरे झालं आता, थांबली.”

निनादने मोठा श्वास सोडला. “थांबली! म्हणजे आता खरंच सर्व ठीक. शिक्का बरोबर ठरला की नाही, चाचा?”

चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

“लिही,” ते म्हणाले. हसण्याच्या नादात ते तुम्हीवरून तूवर आले होते.

निनादने रजिस्टर मांडीवर घेतलं. अठ्ठावीस तारखेच्या शिक्क्यापुढे, समासात, लिहिलं. वेळ अकरा वाजून पाच मिनिटं. वॉल्व्हच्या दांड्याजवळ बारीक गळती. नियंत्रण कक्षाला कळवून नट आवळले. पुन्हा तपासले, गळती बंद. कुंपणाबाहेर तीन हातांवर आग लावल्याच्या खुणा, वस्तीवर सांगणे.

“चांगलं लिहितोस. आता पुढं लिही, केव्हापासून होती?”

पेन थांबलं.

“आजपासून लिहू?”

“आजपासून होती?”

“काय माहीत!”

“तेच लिही.”

“काय?”

“माहीत नाही.”

निनादने पेन खाली ठेवलं. “चाचा, मी विद्यापीठात दुसरा आलोय. रजिस्टरात ‘माहीत नाही’ लिहू?”

“पहिला आलेला काय लिहितो?”

...

“आणि मग मॅडम विचारणार, रोज तपासत होतास तर माहीत कसं नाही?”

“विचारणारच. हुशार बाई आहेत.”

“मग हे सत्तावीस शिक्के...”

निनादचा हात आपल्या पिशवीकडे गेला. पांढऱ्या शाईची बाटली बाहेर आली.

“ती ठेव,” चाचा म्हणाले. “एक रेघ मार. बारीक. खालचं वाचता आलं पाहिजे.”

“का? चूक तशीच दिसेल!”

“दिसू दे. पुढं एखादा हे पान उघडेल. गळतीचं कारण शोधत असेल. त्याला कोरी जागा दिसली तर तो म्हणेल, इथं काहीच नव्हतं. रेघेखाली ‘सर्व ठीक’ दिसलं तर त्याला कळेल, इथं काय समजून बसले होते.”

निनादने बाटली पिशवीत परत टाकली. शाळेची मधली सुट्टी झाली. मुलं बाहेर आली आणि लगोरी मांडली. चेंडू एकदा कुंपणापर्यंत येऊन गेला.

मग त्याने पट्टी घेतली. चौकी चारच्या रकान्यात तिसांपैकी तीसही शिक्क्यांवर एकेक रेघ मारली. प्रत्येक रेघेपुढे सही केली, आजची तारीख घातली. सतराव्या सहीपासून त्याचं अक्षर हळू आणि सरळ होत गेलं. गळतीपुढे त्याने लिहिलं: केव्हापासून, माहीत नाही. मी एक ते सत्तावीस तारखेपर्यंत ही चौकी बाहेरून पाहिली. कुलूप उघडले नव्हते.

तो थांबला. बाकीच्या सहा रकान्यांकडे पाहिलं.

“त्या सहा चौक्याही...”

“दुपार आहे अजून,” चाचा म्हणाले. “साबण भरपूर आहे.”

निनादला हसू फुटलं. या वेळी ते टिकलं.

“दाखव.” चाचांनी रजिस्टर घेतलं. ओळ न ओळ वाचली, ओठ हलवत. मग पेन मागितलं, आणि चौकी चारच्या रकान्याखाली सही केली. आधी मराठीत, मग खाली इवलीशी उर्दूत.

निनाद बघतच राहिला.

“चाचा... उद्या मॅडम मला सहा महिने थांबवणार.”

“थांबवतील.”

“आईला काय सांगू?”

“मोहरीएवढा बुडबुडा पकडला म्हण.”

“हसताय काय! सकाळी इथं एकही गळती नव्हती, एकही खाडाखोड नव्हती, पान आरशासारखं स्वच्छ होतं. तेव्हा तुम्ही पेनला हात लावला नाही. आता पानावर गळती आहे, तीस रेघा आहेत, वर ‘माहीत नाही’ आहे... आणि सही करून मोकळे?”

चाचांनी पेनाला टोपण लावलं. गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले. कुलूप लावून झाल्यावर किल्ली निनादच्या तळहातावर ठेवली.

“सकाळी या पानावर कुणीच नव्हतं, बाळा.”