सोपानने प्रिंटर सोबत नेला

टेंभुर्डे नावाच्या गावात एक भोळा ऑपरेटर होता. नाव सोपान. सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्यासारखंच करायचा. पंचाईत तिथेच होती.

गावचे सगळे दाखले तालुक्याच्या कॉम्प्युटरमध्ये. सोपानने गावच्या कचेरीत बसून, तारेवरूनच त्यात शिरायचं आणि दाखला छापायचा.

एक दिवस मुक्ता पैलवान धावत आली. तालुक्याला तिची कुस्ती होती, चौदा वर्षांखालच्या गटात. तिचा दंड बघून पंच म्हणाले होते, "जन्माचा दाखला दाखव, मगच आखाड्यात उतर." बस अकराला. मुक्ताने वर्षभर भल्या पहाटे उठून जोर-बैठका काढल्या होत्या.

सोपानने बटण दाबलं. गावातला प्रिंटर गप्प. तालुक्याच्या कचेरीतून तिथल्या मुजावर साहेबांचा फोन आला.

"सोपान, तुझा कागद इथे निघाला रे!"

ग्रामसेविका उज्ज्वलाताई कडाडल्या, "गावचा कागद गावातच निघायला हवा. तालुक्याला जाता कामा नये!"

"बरं ताई."

मुजावर साहेबांनी समजावलं, "तालुक्यात शिरताना आपला प्रिंटर सोबत घ्यायचा असतो. प्रिंटरच्या नावापुढे बरोबरची खूण कर."

सोपानने खडू घेतला. प्रिंटरवर कंपनीचं नाव होतं. त्यापुढे ठसठशीत खूण केली आणि बटण दाबलं. दुसरा कागदही तालुक्याला निघाला.

"अरे, खूण पडद्यावर करायची! तिथे खाली यादी आहे, त्यात. मग एकदा बाहेर पड आणि परत आत ये."

सोपानने यादीत खूण केली. मग चपला घातल्या, कचेरीबाहेर पडला, चपला काढल्या, परत आत आला. बटण दाबलं. तिसरा कागदही तालुक्याला!

"ऊठ बाबा," म्हणत ताई स्वतः बसल्या. चालू जोडणी बंद केली, नव्याने जोडली, बटण दाबलं. गावातला प्रिंटर खरखरला. दाखला बाहेर आला! मुक्ताला एवढा आनंद झाला की तिने सोपानलाच उचललं.

तेवढ्यात बसचा भोंगा वाजला. मुक्ता जागा धरायला पुढे पळाली. दाखला घेऊन सोपान मागून पळाला आणि बसच्या खिडकीशी उभा राहिला.

"काका, द्या लवकर!"

"ही बस कुठे जाते?"

"तालुक्याला!"

"मग नाही देत. गावचा कागद तालुक्याला जाता कामा नये. ताईंनी बजावलंय."

"अहो काका!" मुक्ता रडकुंडीला आली. कंडक्टरने घंटी मारली. बस गेली. सोपान दाखला छातीशी धरून परतला. स्वारी खूश.

ताईंनी कपाळावर हात मारला आणि तालुक्याला फोन लावला. मुजावर साहेब म्हणाले, "घाबरता कशाला? माझ्याकडे तीन पडलेत की! स्टँडवर नेऊन देतो."

हे आधी कुणालाच सुचलं नव्हतं. मूर्खपणा ही काय एकट्या सोपानची जहागीर आहे?

मुक्ताला दाखला मिळाला. दुपारी तिने समोरच्या पोरीला दुसऱ्याच मिनिटाला चीतपट केलं. फोनवर बातमी आली तशा ताई पेढे आणायला गेल्या. सोपान मात्र बेचैन. गावचे तीन कागद तालुक्यात! त्याने पुढची बस पकडली.

संध्याकाळी गुलालात न्हालेली मुक्ता परतली. तिच्यामागून सोपान उतरला, हातात तिन्ही कागद, मुक्ताला दिलेलासुद्धा.

"ताई, एकही तालुक्यात ठेवला नाही!"

ताईंना हसू आलं. "शाबास. हा घे पेढा. आणि आता ह्या पोरीच्या सत्काराचं पत्र छाप बघू."

सोपान जागेवरून हलेना. ताईंनी टेबलाकडे पाहिलं. टेबल रिकामं.

"सोपान, प्रिंटर कुठाय?"

"तालुक्यात, ताई. शिरताना सोबत घ्यायचा असतो ना? घेतला."

"मग परत का नाही आणलास?"

सोपानने पेढा तोंडात टाकला. "बाहेर पडताना आणायचा, असं कुणी सांगितलंच नाही."