लुचकीचा कोंड

हा समोर दिसतो तो लुचकीचा कोंड. पाणी काळे दिसते, पण ओंजळीत घेतले की काचेसारखे. काठावरचा हा बसका दगड बघा, डाव्या अंगाला झिजलेला आहे. तेवढाच का झिजला, ते सांगतो. बसा निवांत.

लुचकी म्हणजे जळू नव्हे. जळवेला पाय नसतात, हिला चार असतात. अंगठ्याएवढी लांब, अंगावर मऊ लव, डोळे मात्र नाहीत. कपारीत राहते आणि म्हशी डुंबायला उतरल्या की त्यांचे रक्त पिते. पोट भरले की आपणहून गळून पडते.

फार मागे इथे गवळी धनगरांची अकरा घरे होती म्हणे. त्यातल्या एका घरी ठकू नावाची सून होती. माहेराहून तिच्यामागून चालत आलेली मोरी म्हैस म्हणजे तिचा जीव की प्राण. एके दिवशी लुचकी मोरीच्या सडाला डसली आणि धारेबरोबर रक्त आले. ठकूचे डोकेच फिरले. गेळाची फळे ठेचून पाण्यात टाकली की मासे मरून वर येतात, हे रानात सगळ्यांना ठाऊक. तिने टोपलीभर फळे ठेचली आणि कोंडाकडे निघाली.

सासरे बमूबाबा काठावर बसले होते. म्हणाले, "ठके, राहू दे. तिचं तिला पिऊ दे."

"मामंजी, तुम्हाला डसली असती म्हणजे कळलं असतं!"

"डसते की. साठ पावसाळे डसतेय. मेलो का?"

ठकूने टोपली ओतली. लुचक्या मरून वर आल्या. त्या दिवशी वाडीत खीर झाली.

पंधरा दिवसांत मोरीचे पाय सुजले. मग इतरांच्या म्हशींचे. रक्त काळे पडून साकळू लागले. झाडपाला झाला, डागण्या झाल्या, तरी दोन म्हशी गेल्या. बमूबाबा हळूच म्हणाले, "नासकं रक्त ती पीत होती, पोरी." मोरी तेव्हा गाभण होती. बसली ती उठेना.

असे सांगतात, ठकू तीन दिवस कंबरभर पाण्यात उभी राहून कपारी चाचपत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी एका भेगेत एक लुचकी सापडली, वाळक्या पानासारखी. तिने ती मोरीच्या पायाला लावली. पण लुचकीच्या अंगात जोर नव्हता, म्हशीच्या कातडीत दात शिरेनात. घसरून पडली. तेव्हा ठकू या दगडावर बसली, डावा पाय पाण्यात सोडला आणि तिला आपल्या घोट्याशी धरले.

"पी गं बाय," म्हणाली. "तुझं गणगोत मीच मारलं, आता मीच पाजते."

नऊ दिवस पाजले. ठकूचे ओठ पांढरे पडले. बमूबाबा शेजारी बसून तिच्या तोंडाला आंबिलीचा वाडगा लावायचे. "तू तिला पाज, मी तुला पाजतो. आपल्या घरात पिणाऱ्यांचंच राज्य."

दहाव्या दिवशी लुचकी मोरीच्या पायाला घट्ट बसली, सोडीना. दिवस कलताना मोरीने आधी मागचे पाय उचलले, मग पुढच्या गुडघ्यांवरून रेटा देऊन उभी राहिली. पुढे त्या लुचकीच्या पाठीवर पिल्ले दिसली, आणि कोंड पुन्हा भरला.

तेव्हापासून रीत पडली. म्हशी पाण्यात सोडण्याआधी माणसाने डावा पाय सोडायचा. पहिला घोट आपला. डसली तर ओढायची नाही. बाया इथे ओळीने बसायच्या आणि लुचकी सुटेपर्यंत गप्पा चालायच्या. एखादीची सुटली तरी ती उठायची नाही. प्रत्येकीच्या घोट्यावर तीन टिंबांची खूण असे. सोयरीक जुळवताना तोंड मागाहून बघत, घोटा आधी.

आता अकरातली दोन घरे उरलीत, म्हशी चार. आजही लांब गेलेली माणसे जत्रेला आली की बूट काढून या दगडावर बसतात. लुचकी उशिरा येते, पण येते. एरवी मात्र तिला वाट बघावी लागते.

तेव्हा पाव्हणं, काढा चपला. मुंगी चावल्याएवढंच लागतं. डावा पाय हं.