कोळीणबाईंचे दोरे

उंबराखाली प्राण्यांची शाळा भरायची, तेव्हाची गोष्ट. शिकवायला एकट्या जाळं विणणाऱ्या कोळीणबाई. पलीकडच्या रानातली शाळा आठ विषय शिकवते असं कळलं, तसे इथले पालक हटून बसले. मुख्याध्यापक साळिंदरराव म्हणाले, "नवे शिक्षक आणायला दाणे कुठे आहेत? बाई, तुम्हाला पाय आठ आहेत. घ्या सांभाळून!"

बाईंनी प्रत्येक वर्गापर्यंत एकेक दोरा ताणला. मुलं अडली की दोरा ओढायची, आणि तो थरथरला की बाई तिकडे धावायच्या. दिवसभर नुसती धावाधाव. बीळ खोदायच्या वर्गाचा दोरा मात्र शांत असायचा. "उंदरांची पोरं गुणी हो," बाई म्हणायच्या.

एके दुपारी उंदरीण डबा घेऊन आली, तर बिळाचं तोंडच दिसेना. तिचा आक्रोश ऐकून बाई धावल्या. माती ढासळली होती आणि दोरा तिच्याखाली दबला होता. साळिंदररावांनी धापा टाकत माती उकरली. पोरं जिवंत निघाली. धाकटी खोकत म्हणाली, "बाई, आम्ही कधीचा दोरा ओढतोय!"

बाईंनी झटकन वळून बाकीच्या दोऱ्यांकडे पाहिलं.

त्यातले दोन अजिबात हलत नव्हते.