पाचवं पाणी

चिखलदऱ्याच्या वरच्या अंगाला कॉफीचा एक मळा होता. तिथं बुधियाबाय चार बायकांसोबत हौदात कॉफीच्या बिया धुवायची. बी मुठीत चोळली की करकरली पाहिजे. बुळबुळीत लागली, तर पुन्हा धुवायची. त्या दिवशी चार पाण्यांनी बिया करकरल्या, तोवर पौषाच्या थंडीत बायकांची बोटं पार बधिर झाली.

तेवढ्यात नवे मॅनेजर कारंजकर साहेब आले. धुतलेल्या बियांच्या टोपल्याला हातही न लावता म्हणाले, "हे काय धुणं झालं? पुन्हा धुवा. नाहीतर उद्यापासून दुसऱ्या बायका लावतो."

"बरं जी," म्हणून बुधियानं टोपलं उचललं. हौदामागं शेकोटी होती. सगळ्याजणी तिथं हात शेकत बसल्या. मग तिनं तेच टोपलं साहेबांपुढं आणून ठेवलं.

"आता कसं झालं! पडला ना फरक?"

"पडला तं जी," बुधिया थकल्या आवाजात म्हणाली. "मघाशी हात गारठले होते, आता जरा ऊन झाले. बियांना मात्र पाणी लावलंच नाही."

साहेबांनी टोपल्याकडं पाहिलं, मग बायकांच्या भेगाळल्या बोटांकडं.

"वाळत घाला," ते म्हणाले आणि वाटेला लागले.