डाव्या बाजूची आण

"तोंड बघायचं न्हाई, एवढंच? का तो मेला तरी जायचं न्हाई?"

"मेला तरी न्हाई," मल्लू म्हणाला.

"आणि तू मेलास तर?"

मल्लूनं हातातलं ताट अप्पाजींपुढे सरकवलं. ताटात बेलाची पानं होती आणि भंडाऱ्याची पुडी होती. ताट इतकं कोरं, की त्यावरची चिठ्ठीसुद्धा निघाली नव्हती. भांड्यांचं दुकान घरचंच, तेव्हा भावाला तोडायलाही नवं ताट.

घाटमाथ्यावरचा तो मठ, अप्पाजी तिथले स्वामी. सोमवारची सकाळ. प्रसादाच्या भाजीसाठी आम्ही तिघं-चौघं ओट्यावर घेवडा मोडत बसलो होतो. मल्लू, म्हणजे मल्लिकार्जुन कोरी, आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा. लहानपणापासून अप्पाजींचा शिष्य, आणि ही गोष्ट तो भेटेल त्याला सांगायचा. चनवीर हा त्याचा धाकटा सख्खा भाऊ. बेलभंडारा उचलून त्या चनवीरशी जन्माचा संबंध तोडायला तो त्या दिवशी आला होता.

बेलभंडारा उचलून घेतलेली आण आमच्याकडे कोणी मोडत नाही. आणि या मठात तिची रीत निराळी. आण घेणाऱ्यानं स्वतःचे शब्द आणायचे नाहीत. शब्द अप्पाजी देणार, त्यानं ते मागून म्हणायचे. रागावलेल्या माणसाची जीभ त्याच्या ताब्यात नसते म्हणून ही रीत पडली, असं जुनी माणसं सांगतात.

"शब्द मला द्यायचे हाईत," अप्पाजी म्हणाले. "तवा काय झालं ते सगळं सांग. गाळू नको."

मल्लूनं गाडीपासून सुरुवात केली.

त्याची एक छोटी पांढरी गाडी आहे. पूर्वी ती घाटात वळणावर कलायची, मागे बसलेला माणूस दाराला जाऊन चिकटायचा. मल्लूला ते खपत नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्यानं काम शिकून घेतलं, सामान मागवलं, आणि दोघा भावांनी अंगणात गाडी उचलून घरच्या घरी सगळं बसवलं. कडक स्प्रिंगा, नवे शॉकअप, पुढची दोन चाकं एकमेकांना धरून ठेवणारा जाड दांडा. शिवाय चाकाला गाडीच्या अंगाशी जोडणारा जो आर्म असतो, त्याच्या मुळाशी रबराचा बुश असतो. तेही दोन नवे घातले. उजवी बाजू मल्लूनं केली, डावी चनवीरनं.

हे सांगताना त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता. गाडी आता रस्त्याला कशी चिकटून जाते, स्टेअरिंग एका बोटानं कसं ऐकतं, हे तो हातवारे करून सांगत होता. खोटं कशाला बोलू, काम झकासच झालं होतं. मी त्या गाडीत बसलो आहे.

"मग?" अप्पाजींनी विचारलं.

"मग आईचा हात मोडला."

मल्लूचा आवाज पुन्हा चढला. दोघे भाऊ आईला घेऊन घाट उतरत होते. आई, गौरव्वा, पुढे डाव्या बाजूला, चनवीर मागे, स्टेअरिंगवर मल्लू. वळण आलं तरी त्यानं वेग कमी केला नाही. गाडी आता तसूभरही कलत नाही हे त्याला आईला दाखवायचं होतं. ऐन वळणात ब्रेक दाबला आणि गाडी एकदम डावीकडे ओढली गेली, ती कठड्याला घासत गटारीत. गौरव्वाचं मनगट मोडलं. मागचं दार उघडून चनवीर आधी उतरला आणि त्यानंच तिला उचलून बाहेर काढलं.

"वेग तुझा हुता," अप्पाजी म्हणाले.

"वेगाचं काय न्हाई, अप्पाजी. त्या वेगात मी धा वेळा गेलोय. डावा बुश फाटला हुता."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. हे मी मनात म्हटलं. मठात तोंड उघडायची मला सोय नव्हती.

"बुश कशानं फाटला?"

हा प्रश्न मल्लूला आवडला. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, एक टोक आपल्या गुडघ्याखाली दाबलं आणि दुसऱ्या टोकाला पीळ दिला.

"गाडी टांगलेली असताना बोल्ट गच्च आवळायचा नसतो. चाक लोंबकळत असतंय, आर्म खाली गेलेला असतोय. तसंच आवळलं की रबर तसंच धरलं जातंय. मग गाडी खाली घेतली, वजन आलं, की आर्म वर जातोय आन् रबराला ह्यो असा पीळ. गाडी नुसती उभी असली तरी पीळ हायच."

"मग कसं करायचं?"

"आधी नुसता लावून ठेवायचा. गाडी भुईवर घ्यायची. तिचं वजन तिच्या चाकांवर येऊ द्यायचं. मग आवळायचा."

"आणि चनवीरनं टांगत्या गाडीलाच आवळला."

"टांगत्या गाडीलाच. गॅरेजवाल्यानं बघून सांगितलं."

गॅरेजवाल्यानं सांगितलं त्याच संध्याकाळी मल्लूनं भर अंगणात, शेजारपाजारच्यांसमोर चनवीरच्या कानशिलात दिली आणि त्याला बायकोसकट घराबाहेर काढलं. हे आम्हाला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. चनवीर बाजारपेठेच्या मागे एका खोलीत राहतो, दुकानाकडे फिरकत नाही. मल्लूनं हेही सांगितलं, पण सांगताना मान ताठ होती.

"आता आण कशाला? काढलास न्हवं घरातनं?"

मल्लूनं टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकला.

"आई," तो म्हणाला. "रोज ताटावर बसली की इचारती, चनू जेवला आसंल का. प्लास्टरातला हात घेऊन तेच्या खोलीकडं जायला बघती. मी आण घेतली की तिला बोलायला जागाच न्हाई. इषय मिटला."

मला राग येतो तेव्हा कान गरम होतात. तसे झाले. हात मोडलेल्या म्हातारीनं एका पोरासाठी दुसऱ्या पोरापुढे पदर पसरायचा, आणि यानं तिच्या तोंडाला कुलूप घालायला देव आणायचा? माझ्या हातातल्या शेंगेचा चुरा झाला. शेजारच्या तानीमावशीनं तो गुपचूप टोपलीतून काढून टाकला.

अप्पाजी स्वभावानं गरम. एरवी असं काही ऐकलं की ते पायरीवरून हाकलून द्यायचे, आम्ही पाहिलंय. त्या दिवशी त्यांचा चेहरा लाल झाला, पण ते उठले नाहीत. त्यांनी पुडी सोडली. मल्लूचा उजवा हात ओढून त्यावर भंडारा ओतला, वर बेलाचं पान ठेवलं.

तानीमावशी पुटपुटली, "नका ओ देऊ, अप्पाजी."

"गप," अप्पाजी म्हणाले. मग मल्लूकडे वळले. "म्हण माझ्या मागनं. ज्यानं..."

"ज्यानं..."

"गाडी टांगलेली असताना..."

"गाडी टांगलेली असताना..."

"बोल्ट गच्च आवळला..."

मल्लू थांबला.

"म्हण."

"अप्पाजी, चनवीरचं नाव घाला न्हवं."

"आणीत मी नाव घालत न्हाई. केलेलं काम घालतो. म्हण. बोल्ट गच्च आवळला, तेचं तोंड मी मरेपातूर बघणार न्हाई. तेनं माझ्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा न्हाई."

मल्लूचा हात पुढेच होता. तळव्याला घाम फुटून भंडारा ओला व्हायला लागला होता. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"नाव घाला," तो पुन्हा म्हणाला. या वेळी आवाज खाली गेला होता.

"नाव कशाला पायजे? एकच माणूस हाय न्हवं तसा?"

अप्पाजींनीच पुढे विचारलं, "मल्लू, उजवी बाजू कुणी केली?"

"मी."

"कवा आवळलास?"

खाई त्याला खवखवे म्हणतात, ते मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. मल्लूनं घसा खाकरला. पानाकडे बघितलं.

"मीबी तसाच आवळला हुता," तो म्हणाला. "गाडी टांगलेली असतानाच. तवा आम्हा दोघांनाबी ठावं नव्हतं."

तानीमावशीच्या मांडीवरची टोपली कलंडली. ती तिनं सरळ केली नाही.

"चनवीरला हे म्हाईत हाय?"

"हाय. बाजूलाच बसला हुता. पाना तेनंच दिला मला."

"तू मारलंस तवा बोलला?"

"न्हाई."

"आईला सांगितलं तेनं?"

"न्हाई."

माणूस खोट्यात सापडला की शरमेल, असं आपल्याला वाटतं. मल्लू शरमला नाही, भडकला. त्याची मान फुगली. तुम्ही त्याचीच बाजू घेणार हे मला ठाऊक होतं, म्हणाला. इतकी वर्षं मठाची सेवा केली ती याचसाठी का, म्हणाला. मी थोरला आहे, घर मी चालवतो, बाप गेल्यावर त्याला मी वाढवला, त्याच्या लग्नात मी राबलो, हे सगळं त्यानं काढलं. त्यात खोटं काही नव्हतं. त्यानं खरंच वाढवला होता. म्हणून तर आमचा राग आणखी वाढत होता.

अप्पाजी ऐकत राहिले. त्याचा हात त्यांनी मनगटाशी धरून ठेवला होता, म्हणून त्याला उठता येत नव्हतं.

"माझा फाटला न्हाई, अप्पाजी," तो शेवटी म्हणाला. "फाटला तेचा. आईचा हात तेच्या बाजूनं मोडला. हे तर खरं हाय का न्हाई?"

"खरं हाय."

"मग?"

"तेचाच आधी का फाटला?"

मल्लू जरा शांत झाला. गाडीचं काही विचारलं की तो शांत व्हायचा. गॅरेजवाल्याचं म्हणणं त्यानं सांगितलं. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालते. घाटात कडेचं डांबर उखडलेलं, खड्डे सगळे कडेला. डावं चाक रोज त्यातून जातं. मार डाव्या बुशाला बसतो, उजवं चाक मधल्या चांगल्या रस्त्यावरून जातं.

"हं," अप्पाजी म्हणाले.

खाली रस्त्यावरून एक ट्रक गियर टाकत वर चढत गेला.

"गाडी आता कशी हाय?" अप्पाजींनी विचारलं. आवाजात राग नव्हता. मला वाटलं, संपलं. विषय बदलला. म्हाताऱ्यानं हात टेकले.

मल्लूलाही तसंच वाटलं असावं. त्याचा चेहरा सैल झाला. गाडी मठाच्या पायऱ्यांखालीच उभी आहे, म्हणाला. आता बघाल तर एक नंबर. ब्रेक दाबला तरी दोरीत ओवल्यासारखी सरळ उभी राहते. या वेळी त्यानं स्वतः समोर उभं राहून काम करून घेतलं, गाडी भुईवर घेऊन मगच आवळायला लावलं. अप्पाजींनी एकदा बसून बघावं, असा आग्रहही त्यानं केला.

"बुश नवा घातलास."

"दोन्ही नवे घातले."

"फाटला एकच हुता न्हवं?"

मल्लू हसला. अडाण्याला समजावून सांगताना माणूस हसतो, तसं.

"बुश जोडीनंच बदलायचे असतात, अप्पाजी. एक नवा आन् एक तसलाच पिळलेला ठेवला तर गाडी सरळ चालत न्हाई. आन् पिळलेला तो आज न्हाई तर उद्या फाटणारच."

अप्पाजींनी त्याच्या तळव्यावरचं पान उचललं. आपल्या खांद्यावरच्या छाटीनं त्याचा हात पुसला. बोटाबोटातून, नखांच्या कडांतून सगळा भंडारा पुसून काढला आणि मग हात सोडला.

"गाडीतनं दोन्ही काढलेस," ते म्हणाले. "मग घरातनं एकालाच का काढलंस?"